मर्यादित साठवण आणि काटकसरीचा कारभार
छोट्या संगणकावरील लिनक्स : शाळा व ग्रामपंचायतींसाठी एक अभ्यास

संगणक ही आता केवळ शहरांतील मोठ्या कचेऱ्यांची मिरासदारी राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची पटनोंद, पोषण आहाराचा हिशेब, सातबाराचे उतारे अशी कितीतरी कामे आज संगणकाविना अडून राहतात. सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या तालुक्यात शाळा आणि ग्रामपंचायत या दोन्ही ठिकाणी संगणकाचा वापर ही नित्याची बाब झाली आहे. मात्र संगणक आणणे सोपे आणि तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे कठीण, असा अनेकांचा अनुभव आहे. खरेदीसाठी एकदा निधी मिळतो, दुरुस्तीसाठी मिळेलच याची खात्री नसते. वीज अवेळी जाते. धूळ आणि उन्हाळा यांचा ताप यंत्राला सोसावा लागतो.

या परिस्थितीत छोट्या आकाराचे, थोड्या विजेवर चालणारे आणि हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्डासारख्या फ्लॅश साठवणीवर काम करणारे संगणक हा एक व्यवहार्य पर्याय आहे. त्यांवर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. हे यंत्र स्वस्त असते आणि त्याची साठवणही लहान असते. ही लहान साठवण अनेक वर्षे पुरू शकते. पण तिच्यावर लेखन किती आणि केव्हा व्हावे याचा हिशेब ठेवला तरच. हा हिशेब कसा ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिनक्सची निवड कशासाठी?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या कामाला किती स्मृती द्यावयाची, कोणती फाइल कोठे ठेवावयाची, पडदा, कळफलक आणि छपाईयंत्र यांच्याकडून काम कसे करून घ्यावयाचे, हे सारे कार्यप्रणाली पाहते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्डस यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली आणि कोणालाही वापरता, अभ्यासता आणि बदलता येईल अशी एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही.

छोट्या यंत्राच्या दृष्टीने लिनक्सचा आणखी एक गुण महत्त्वाचा आहे. तिचे नको असलेले भाग काढून टाकता येतात. ज्या यंत्राला पडदाच नाही त्याच्यासाठी चित्रमय पडद्याची सामग्री ठेवण्याचे कारण नाही. इंटरनेटसाठी घरोघरी बसविलेल्या वाय-फाय राउटरपैकी कित्येकांत लिनक्सच असते आणि ती अवघ्या ८ किंवा १६ मेगाबाइट फ्लॅशवर नांदते.

जुन्या संगणकांचा प्रश्नही येथे लक्षात घेतला पाहिजे. 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील आवृत्ती ज्यांवर चालू शकत नाही असे पुष्कळ संगणक अन्यथा सुस्थितीत आहेत. ते भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहणे हिताचे ठरेल. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेल्या 'बॉस' या भारतीय लिनक्स प्रणालीत मराठीचीही सोय आहे.

फ्लॅश साठवणीचा स्वभाव

फ्लॅश स्मृतीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, मोबाइल फोन यांत आज जी 'नँड' जातीची फ्लॅश वापरली जाते ती १९८७ साली पुढे आली. हिच्यात फिरणारी चकती नसते. त्यामुळे धक्का सोसतो, आवाज होत नाही आणि वीजही थोडी लागते. वीज गेली तरी लिहिलेली माहिती टिकते.

परंतु या स्मृतीला तिचे स्वतःचे नियम आहेत. शाळेतील पाटीच्या उदाहरणाने ते समजून घेता येतील. पाटीवर ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांपैकी एकच शब्द बदलावयाचा आहे, पण तेवढाच शब्द पुसण्याची मुभा नाही. पुसावयाची तर सारी पाटी पुसली पाहिजे, अशी कल्पना करावी. मग बदललेली ओळ दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहून ठेवणे आणि जुनी पाटी सवडीने पुसणे, हाच मार्ग उरतो. फ्लॅशमध्ये नेमके हेच घडते. लेखन लहान 'पानां'त होते. पुसणे मात्र शेकडो पानांच्या एका मोठ्या 'खंडा'चे एकदम होते. म्हणून वापरकर्त्याने चार अक्षरे बदलली तरी आत त्याच्या अनेक पट लेखन होऊ शकते.

दुसरा नियम झिजेचा आहे. प्रत्येक वेळी पुसताना खंड थोडा झिजतो. स्मृतीच्या एका कोषात एकच बिट साठविणारी जुन्या पद्धतीची फ्लॅश सुमारे १ लाख वेळा पुसणे सोसते. एका कोषात तीन बिट साठविणाऱ्या स्वस्त फ्लॅशची सहनशक्ती साधारणपणे हजाराच्या घरात येते. साठवण स्वस्त झाली आणि तिचे आयुष्य उणे झाले, असा हा व्यवहार आहे. वाचनाने मात्र नाव घेण्यासारखी झीज होत नाही. तोच धडा हजार विद्यार्थ्यांनी उघडून वाचला तरी कार्डाचे विशेष बिघडत नाही.

झीज एकाच खंडावर पडू नये म्हणून लेखन सर्व खंडांत वाटून दिले जाते. मेमरी कार्डात हे काम आतील नियंत्रक करतो आणि कोणती माहिती कोणत्या खंडात आहे याचा नकाशाही तोच सांभाळतो. लेखन चालू असताना वीज गेली तर हा नकाशाच बिघडण्याचा धोका असतो. म्हणूनच पुष्कळ कार्डे झिजून जाण्यापूर्वीच वीज खंडित झाल्याने निकामी होतात.

खैरातचा प्रयोग

अशा साठवणीवर लिनक्स चालविण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रात बराच पूर्वी झाला आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाडा या वस्तीवरील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली विद्यार्थ्यांच्या हाती छोटे संगणक देण्यात आले. अमेरिकेतील निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली मांडलेल्या 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या कल्पनेतून तयार झालेले हे यंत्र होते. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना स्वीकारण्यास २००६ साली नकार दिला होता. खैरातचा प्रयोग त्यानंतर लहान प्रमाणावर झाला.

'एक्सओ' नावाच्या या संगणकात हार्ड डिस्क नव्हती. त्याची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, २५६ मेगाबाइटची होती आणि कायमची साठवण अवघी १ गीगाबाइटची फ्लॅश होती. आजच्या साध्या मोबाइल फोनमध्येही याच्या कितीतरी पट साठवण असते. तेवढ्या जागेत लिनक्स प्रणाली, मुलांसाठी तयार केलेला 'शुगर' हा दर्शनी भाग, चित्रे काढण्याची व लिहिण्याची साधने आणि मुलांनी केलेले काम, असे सारे बसवावयाचे होते.

त्यासाठी 'जेएफएफएस-२' नावाची, फ्लॅशसाठीच बनविलेली फाइल पद्धत वापरण्यात आली. ती माहिती दाबून लहान करून लिहीत असे. बदललेली माहिती जुन्या जागी न लिहिता नेहमी नव्या जागी लिहीत असे आणि निरुपयोगी झालेले खंड सवडीने पुसून मोकळे करीत असे. झीज वाटून देण्याचे काम येथे फाइल पद्धतच करीत होती.

या यंत्राने शिकविलेला महत्त्वाचा धडा मात्र त्याच्या अडचणीतून मिळाला. मुलांचे प्रत्येक काम आपोआप नोंदले जाई. ही सोय चांगली होती. पण त्यामुळे १ गीगाबाइटची जागा हळूहळू भरत जाई. फ्लॅश काठोकाठ भरली की खंड पुसून मोकळे करण्यास वाव उरत नसे, यंत्र मंदावे आणि प्रसंगी ते सुरूच होत नसे. पुढच्या आवृत्त्यांत यावर उपाय करावे लागले. फ्लॅशवर काही जागा नेहमी मोकळी राहिली पाहिजे, ही गोष्ट या अनुभवाने स्पष्ट केली.

'आकाश'चा मार्ग

दुसरे उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आहे. विद्यार्थ्यांसाठी अल्प किमतीचा टॅब्लेट तयार करण्याच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पात 'आकाश-२' चे काम या संस्थेने पाहिले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याची रॅम ५१२ मेगाबाइट आणि फ्लॅश साठवण ४ गीगाबाइट होती. त्यावर लिनक्सच्याच गाभ्यावर उभी असलेली अँड्रॉइड प्रणाली चालत असे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सी, पायथन, सायलॅब यांसारखी साधने हवी होती. ती अँड्रॉइडमध्ये सहज बसत नव्हती आणि आतील साठवणही अपुरी होती. संस्थेतील चमूने एक संपूर्ण लिनक्स एकाच मोठ्या फाइलीच्या रूपाने मेमरी कार्डावर ठेवली आणि ती अँड्रॉइडच्या आतून चालविली. मूळ प्रणालीला हात न लावता नवी सोय उपलब्ध झाली. बिघाड झाल्यास ती एक फाइल पुन्हा उतरवून घेतली की काम भागे. प्रणाली वेगळी आणि काम वेगळे, हे तत्त्व येथून घेण्यासारखे आहे.

ताळेबंदाची दृष्टी

या सर्व अनुभवांतून निघणारा नियम कोरेगाव तालुक्यातील ग्रामस्थांना अपरिचित वाटणार नाही. तालुक्याचा बराच भाग कमी पावसाचा आहे. पाणी फाउंडेशनने २०१६ साली घेतलेल्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील जे तीन तालुके निवडण्यात आले त्यांत कोरेगाव होता आणि याच तालुक्यातील वेळू या गावाने पहिला क्रमांक मिळविला. श्रमदानाने चर खणणे आणि बंधारे बांधणे हा त्या कामाचा एक भाग. साठलेले पाणी किती, पिकाला किती, पिण्याला किती, याचा ताळेबंद मांडणे हा जलसंधारणाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग होय. फ्लॅश साठवणीलाही असाच ताळेबंद लागतो. येथे आवक ठरलेली आहे आणि प्रत्येक लेखन हा खर्च आहे.

एक साधे गणित पाहू. १६ गीगाबाइटचे कार्ड आहे आणि प्रत्येक खंड १ हजार वेळा पुसणे सोसतो, असे धरू. म्हणजे कागदावर १६ हजार गीगाबाइट लेखनाची क्षमता झाली. आतील लेखन बाहेरच्या चौपट होते असे मानले तर हाती ४ हजार गीगाबाइट उरतात. यंत्र दररोज २ गीगाबाइट लिहीत राहिले तर हे कार्ड २ हजार दिवस, म्हणजे सुमारे साडेपाच वर्षे चालेल. तेच लेखन २०० मेगाबाइटवर आणले तर झिजेची चिंता करण्याचे कारण उरत नाही. प्रत्यक्षातील आकडे कार्डागणिक बदलतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

हे लेखन कमी कसे करावयाचे? त्यासाठी लिनक्समध्ये पुढील उपाय उपलब्ध आहेत.

पहिला उपाय म्हणजे मूळ प्रणाली केवळ वाचनासाठी ठेवणे. 'स्क्वॉशएफएस' या पद्धतीने संपूर्ण प्रणाली दाबून एका फाइलीत बसविता येते. तिच्यावर 'ओव्हरलेएफएस' या पद्धतीचा एक थर घालतात. होणारे बदल त्या थरात, म्हणजे रॅममध्ये, राहतात आणि यंत्र बंद होताच पुसले जातात. रास्पबेरी पाय या २०१२ साली बाजारात आलेल्या छोट्या संगणकाच्या प्रणालीत ही सोय मांडणीच्या यादीतूनच चालू करता येते. शाळेला याचा दुहेरी लाभ होतो. वीज अचानक गेली तरी प्रणाली सुरक्षित राहते आणि विद्यार्थ्याने चुकून काही बदलले तरी दुसऱ्या दिवशी यंत्र पूर्ववत सुरू होते.

दुसरा उपाय तात्पुरत्या फाइलींचा. प्रणाली स्वतःच्या कामाची रोजनिशी सतत लिहीत असते. ही रोजनिशी आणि इतर तात्पुरत्या फाइली रॅममध्ये ठेवाव्यात. तिसरा उपाय वाचनाच्या नोंदीचा. फाइल नुसती वाचली तरी वाचनाची वेळ नोंदविण्याची लिनक्समध्ये सोय आहे. 'नोएटाइम' हा पर्याय दिला की ही नोंद थांबते. चौथा उपाय रॅम अपुरी पडते तेव्हाचा. अशा वेळी प्रणाली कार्डाचा उपयोग रॅमसारखा करू लागते. ते टाळून 'झेडरॅम' या पद्धतीने रॅममधील माहिती रॅममध्येच दाबून ठेवावी. पाचवा उपाय म्हणजे वापरकर्त्याचे काम वेगळ्या विभागात किंवा वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवणे आणि एकंदर साठवणीचा पाचवा हिस्सा तरी मोकळा सोडणे.

काटकसरीची मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कार्ड वाचविण्याच्या भरात माहिती गमावली तर तो व्यवहार तोट्याचा होईल. एखाद्या गावाने पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजणारे उपकरण छोट्या संगणकाला जोडले, असे समजू. दर दहा मिनिटांनी एक नोंद घेतली तर दिवसाच्या १४४ नोंदी होतात. एक नोंद ६० अक्षरांची धरली तर दिवसाची माहिती जेमतेम ८ ते ९ किलोबाइट आणि वर्षाची सुमारे ३ मेगाबाइट. जागेचा प्रश्न येतच नाही. पण प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे लिहिली तर दिवसातून १४४ वेळा त्या लहान नोंदीसाठी आत मोठे लेखन होईल आणि प्रत्येक लेखनाच्या क्षणी वीज जाण्याचा धोकाही राहील.

सर्व नोंदी रॅममध्ये साठवून दिवसातून एकदाच लिहिल्या तर कार्ड निर्धास्त राहील. मात्र संध्याकाळी वादळी पावसात वीज गेली तर नेमक्या त्या पावसाची नोंद हरपेल. तासातून एकदा लिहिणे हा येथे मध्यम मार्ग ठरतो. शेतात मुक्काम करणाऱ्या अशा यंत्राला बॅटरीचा आधार दिला आणि वीज जाताच राहिलेल्या नोंदी लिहून ते व्यवस्थित बंद होईल अशी योजना केली, तर तोही धोका पुष्कळ कमी होतो. कोणती माहिती गेली तर चालेल आणि कोणती जाता कामा नये, हे तंत्रज्ञाने परस्पर ठरविण्याचे काम नव्हे. ते शाळेने आणि ग्रामपंचायतीने ठरवून द्यावयाचे असते.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या यंत्रांत वीज नसताना चालू राहणारे घड्याळ नाही. पाचव्या आवृत्तीत ते आहे, पण त्यासाठी बॅटरी वेगळी बसवावी लागते. इंटरनेट नसेल तर वीज परत आल्यावर यंत्राची तारीख चुकीची राहू शकते. पावसाच्या नोंदीत तारीखच चुकली तर नोंदीला अर्थ उरत नाही. अल्प किमतीचे घड्याळाचे उपकरण जोडून ही उणीव भरून काढता येते.

शाळेतील उपयोग

फ्लॅशला वाचन जड जात नाही, या गुणाचा सर्वांत चांगला उपयोग शाळेला करता येतो. इंटरनेटशिवाय विश्वकोश वाचण्याची सोय करणारा 'किविक्स' हा मुक्त प्रोग्राम छोट्या संगणकावर चालतो. मराठी विकिपीडिया चित्रांसह ३२ गीगाबाइटच्या कार्डात सहज मावतो आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके, शिक्षकांनी तयार केलेले पाठ यांनाही जागा उरते. हे यंत्र स्वतःचे वाय-फाय निर्माण करते आणि वर्गातील फोन, टॅब्लेट वा जुने संगणक त्यावरून वाचन करू शकतात. काही वॅट विजेवर हे ग्रंथालय दिवसभर उघडे राहते. पुस्तके महिन्यातून एखाद्या वेळी बदलली जातात. बाकी सारे वाचनच असते. मर्यादित फ्लॅशसाठी याहून अनुरूप काम क्वचितच सापडेल.

ग्रामपंचायतीच्या कामाबाबत मात्र घाई करू नये. शासकीय कामकाज बहुतांशी इंटरनेटवरील संकेतस्थळांवरून चालते. डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि छपाईयंत्र लिनक्सवर चालते की नाही, हे एका यंत्रावर तपासून पाहावे आणि मगच पुढील निर्णय घ्यावा.

खरेदी आणि देखभाल

बाजारात बनावट कार्डे येतात. त्यांवर छापलेली साठवण प्रत्यक्षात नसते. 'एफ थ्री' या मुक्त प्रोग्रामने कार्डाची खरी साठवण तपासता येते; देयक मंजूर करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. सतत लेखन होणाऱ्या कामासाठी अधिक टिकाऊ म्हणून वेगळी विकली जाणारी कार्डे घ्यावीत. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर यंत्राला शिफारस केलेलाच असावा. अपुऱ्या विजेनेही कार्ड बिघडते. यंत्राची कळ एकदम बंद न करता आधी प्रणाली बंद करण्याची सवय सर्वांना लावावी.

प्रणाली एकदा नीट बसली की तिची तंतोतंत प्रत दुसऱ्या कार्डावर घेऊन ते कार्ड कपाटात ठेवावे. पहिले बिघडले तर दुसरे घालून दहा मिनिटांत काम सुरू करता येते. माहितीच्या प्रतीही किमान दोन असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या इमारतीत असावी. कार्ड ही झिजणारी वस्तू आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राच्या नोंदीबरोबरच कार्ड बसविल्याची तारीख लिहावी आणि ठरावीक मुदतीने ते बदलावे. त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात लहानशी तरतूद असावी.

शेवटी माणसांचा विचार केला पाहिजे. संगणकाची जाण असलेल्या एखाद्या शिक्षकाने उत्साहाने ही व्यवस्था उभी करावी, त्याची बदली व्हावी आणि पुढील वर्षी यंत्र कपाटात जावे, असे घडू देता कामा नये. यंत्र कसे सुरू करावे, प्रत कशी घ्यावी, कार्ड कसे बदलावे आणि परवलीचे शब्द कोणाच्या ताब्यात आहेत, याची मराठीतील एक पानी टिपणी शाळेच्या दप्तरी असावी. परवलीचे शब्द मात्र बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवावेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत त्यांचा उपयोग करून प्रत्येक शाळेतील किमान दोन व्यक्तींना तयार करता येईल. एकाची बदली झाली तरी दुसरी व्यक्ती कार्ड बदलू शकली, तर ही व्यवस्था त्या शाळेची झाली असे म्हणता येईल.